गडद पट्टा आधी कॉपी होतो की उशिरा?

नमस्कार मंडळी! कॅरिओटाइपच्या (रंगवून ओळीने मांडलेले पेशीतले क्रोमोसोम, त्यांच्यावर गडद-फिकट पट्टे दिसतात) व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "मॅडम, गडद पट्ट्यात डीएनए जास्त वेळा कॉपी झालेला असतो ना?" नाही हो! कॉपी सगळ्याची एकदाच होते. फरक आहे तो कधी होते याचा.

बेसिक पटकन. एस फेज, म्हणजे पेशी विभागण्याआधी डीएनए कॉपी करते तो टप्पा, साधारण आठ तास, 46 क्रोमोसोम. बारावीत झालंय, पुढे.

एकाने लिहिलंय, कॉपी चेन ओढल्यासारखी एका टोकाकडून होते. बरं, हिशेब करू. पहिल्या क्रोमोसोममध्ये जवळपास 25 कोटी बेस-जोड्या. मिनिटाला दोन हजार धरल्या तरी तीन महिने लागतील! म्हणून सुरुवात हजारो ठिकाणांहून होते, पण सगळीकडे एकदम नाही. जीन्सची दाटी असलेले, जी-सी बेस-जोड्या जास्त असलेले भाग आधी. ए-टी जास्त, जीन्स विरळ, ते उशिरा. ट्रिप्सिन हे एन्झाइम आणि जिम्सा हा रंग वापरला (यालाच जी-बँडिंग म्हणतात) की हेच उशिराचे भाग बहुतेक गडद दिसतात.

आता माझं डोकं फिरवणारी गोष्ट. जिम्सा वेळ दाखवत नाही! पट्टे बघतो आपण मेटाफेजला, म्हणजे पेशी विभागत असताना, कॉपी तोवर कधीच आटोपलेली असते.

पटत नाही? लॅबमध्ये नवीन आलेल्यांसमोर मी बाईच्या पेशीतले दोन एक्स क्रोमोसोम ठेवायचे; त्यातला एक बंद, म्हणजे निष्क्रिय असतो. "यातला निष्क्रिय कोणता?" मंडळी मान वाकडी करून बघत बसायची. जी-बँडिंगमध्ये दोन्ही सारखेच! पण निष्क्रिय एक्स सक्रियपेक्षा उशिरा कॉपी होतो, हे 1960च्या दशकापासून माहीत आहे. पट्टे तेच, वेळ वेगळी. म्हणजे रंगात वेळ नाही. झालं?

वेळ बघायचीच असेल, तर कल्चरच्या शेवटच्या काही तासांत बीआरडीयू नावाचं रसायन घालतात. थायमिनच्या (ए-टीमधला टी) जागी ते शिरतं, पण तेव्हा कॉपी होत असलेल्या, म्हणजे उशिराच्या भागातच. नंतर हेक्स्ट हा रंग, प्रकाश, जिम्सा, की हे भाग फिकट पडतात. म्हणजे जी-बँडचे गडद पट्टे इथे उलटे, फिकट! आणि एक एक्स जवळजवळ अख्खा फिका. हाच तो निष्क्रिय.

19 नंबरचा क्रोमोसोम जी-बँडिंगमध्ये इतका फिकट का, तर जीन्सची गर्दी. शेजारी 18 ठेवून बघा.

आणि "बीआरडीयू घरी मागवू का" विचारणाऱ्या दादा, नको. ते डीएनएमध्ये शिरतं, तुमच्यासुद्धा.