पॅकार्ड कुणी बुडवली?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय ‘पॅकार्डचा अस्त’. अस्ताकडे येतोच. पण उदय सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आणि ती गोष्ट माझी फार लाडकी आहे. तेव्हा संयोजकांनी आत्तापासून घड्याळाकडे बघू नये. जुन्या गाड्यांचे दर्दी तुम्ही, पॅकार्ड ही अमेरिकेतली उंची मोटार काय चीज होती हे तुम्हाला काय सांगायचं!

ओहायो राज्यातलं वॉरन गाव. तिथे जेम्स वॉर्ड पॅकार्ड आणि त्याचा थोरला भाऊ विल्यम यांचा विजेचे दिवे आणि ट्रान्सफॉर्मर बनवायचा कारखाना. 1898 साली जेम्सनं क्लीव्हलँडला जाऊन अलेक्झांडर विंटनची मोटार विकत घेतली आणि चालवत घरी निघाला. वाटेत ती बसली. शेवटी घोडे जुंपून ओढत आणली म्हणतात. बिनघोड्याची गाडी घोड्यांमागून गावात शिरते तेव्हा कडेचे लोक काय बोलले असतील, ते आपल्यापैकी जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे.

आता हा जेम्स साधा गिऱ्हाईक नव्हे. 1884 चा लिहाय विद्यापीठाचा इंजिनियर. पुढे पैसा आल्यावर पाटेक फिलिपकडून खास स्वतःसाठी गुंतागुंतीची घड्याळं बनवून घेणारा. असा माणूस ‘गाडी बिघडली’ एवढंच सांगून गप्प बसत नाही. काय काय बदला, तेही सांगतो. विंटन मूळचा स्कॉटिश, डोक्यानं गरम. आख्यायिका अशी, की तो म्हणाला, “एवढं कळतंय तर तुम्हीच बनवा की!”

मी स्वतः एकदा मागच्या दाराच्या खडखडाटाची तक्रार घेऊन एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो होतो. तिथला मुलगा माझ्याबरोबर चक्कर मारून आला आणि म्हणाला, “काका, हा आवाज नॉर्मल आहे. काच खाली घेऊन चालवा, ऐकू येणार नाही.” आणि बिल दिलं. बिलावर ‘आवाज तपासणी’ अशी वेगळी ओळ! हसताय, म्हणजे तुम्हीही जाऊन आलेले दिसता. मी काही गाडी बनवायला घेतली नाही. मी व्याख्यानं देतो.

पॅकार्डनं मात्र घेतली. कशी? विंटनकडचीच दोन माणसं फोडून, जॉर्ज वाइस आणि विल्यम हॅचर. 6 नोव्हेंबर 1899 ला पहिली पॅकार्ड वॉरनच्या रस्त्यावर आली. एकच सिलिंडर. ती गाडी लिहाय विद्यापीठानं जपली. पुढे एकानं पत्र लिहून पॅकार्ड गाड्यांची माहिती मागवली, तर कंपनीच्या मालकांनी कळवलं म्हणे, ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. तेच कंपनीचं घोषवाक्य झालं. जाहिरात संस्थेला एक पैसा न देता!

मग डेट्रॉइटचा गुंतवणूकदार हेन्री जॉय आला, 1903 मध्ये कंपनी डेट्रॉइटला गेली, अल्बर्ट कान या वास्तुविशारदानं कारखाना बांधला. 1915 ला बारा सिलिंडरची ट्विन सिक्स. 1921 साली हार्डिंग शपथविधीला मोटारीतून गेले. मोटारीतून जाणारे ते पहिले राष्ट्राध्यक्ष, आणि गाडी अर्थातच... बरोबर. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत बनवायला फोर्डनं नकार दिला, ते पॅकार्डनं बनवलं. पंचावन्न हजारांच्या घरात. मस्टँग या लढाऊ विमानातलं मर्लिन ते हेच. यावर मी तासभर... चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणताहेत.

बरं, मुद्दा. सगळे म्हणतात, 1935 ची स्वस्तातली ‘वन-ट्वेंटी’ काढली आणि पॅकार्डनं अब्रू घालवली. मला हे मान्य नाही. हजार डॉलरच्या आसपासच्या त्या गाडीच्या जोरावर 1937 ला उत्पादन लाखावर गेलं. अब्रू सांभाळणाऱ्या इतर उंची मोटार कंपन्यांचं काय झालं? पीअरलेसनं मोटारी सोडून बिअर गाळायला घेतली. पिअर्स-ॲरो 1938 ला संपली. स्वस्त गाडीला वेगळं नाव द्यायला हवं होतं, कॅडिलॅकनं ‘ला सॅल’ दिलं तसं, एवढं मी कबूल करतो.

खरा घात बॉडीनं केला. 1940 च्या सुमारास पॅकार्डनं बॉडी बनवणं ब्रिग्ज या बाहेरच्या कंपनीकडे सोपवलं. बाहेरून स्वस्त पडेल, हा हिशेब. 1953 च्या अखेरीस क्रायस्लरनं ब्रिग्जच विकत घेतली! म्हणजे बॉडीचा पुरवठा गेला प्रतिस्पर्ध्याच्या हातात. मग घाईघाईनं क्रायस्लरकडूनच कॉनर अव्हेन्यूचा छोटा कारखाना भाड्यानं घेतला आणि प्रचंड जुना कारखाना सोडून सगळी जोडणी तिथे कोंबली.

वाईट याचं वाटतं, की 1955 ची गाडी कागदावर अफाट होती. नवं व्ही-8, पुढची-मागची चाकं लांब टॉर्शन बारनी, म्हणजे पिळल्यावर स्प्रिंगसारखं काम करणाऱ्या सळयांनी, एकमेकांशी जोडलेली. मागे तीन धिप्पाड माणसं बसली की मागची बाजू खाली जायची, काही सेकंद थांबायची, आणि विजेची मोटर तिला हळूच उचलून सपाटीवर आणायची. ते थांबणं मुद्दाम ठेवलेलं, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला मोटर फिरली असती. आणि अशी गाडी कॉनरमधून अर्धवट जुळणीची बाहेर पडायची. उरलेलं काम डीलरच्या माथी. वर 1954 ला घेतलेल्या स्टुडबेकर या मोटार कंपनीचा तोटा होताच.

जून 1956 मध्ये डेट्रॉइटची शेवटची पॅकार्ड निघाली. पुढे 1958 पर्यंत स्टुडबेकरवरच पॅकार्डचं नाव लावून विकली. त्या गाड्यांबद्दल मी बोलणार नाही. वेळ असता तरी बोललो नसतो.