आधी राजा, मग प्यादं

संयोजकांनी विषय दिलाय बुद्धिबळातल्या हत्तींच्या एंडगेमचा, म्हणजे मोजकेच मोहरे उरल्यावरच्या शेवटच्या टप्प्याचा, आणि तो मी घेणार आहे. पण त्याआधी थोडा वेळ राजा आणि एका प्याद्यासाठी द्या. कारण पटावर हत्ती असताना डोक्यात एक प्रश्न कायम हवा: हत्ती गेले, तर उरलेला डाव कोणाचा?

समोरच्या पटांवर लावा. पांढरा राजा डी४, प्यादं ई३. काळा राजा ई६. चाल पांढऱ्याची. लावलंत?

ही माझ्या स्पर्धेतली स्थिती. चार तास झगडून एक प्यादं जास्त मिळवलं होतं. हत्तींची मारामारी मीच करून घेतली, आणि मग जो विचार करायचा तो न करता प्यादं ई४ ला ढकललं. प्यादं पुढे गेलं की वजीर जवळ आला, असं वाटतं ना? समोर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याने शांतपणे राजा डी६ वर ठेवला. आता राजे समोरासमोर, मध्ये एकच घर, आणि चाल माझी. यालाच आपण ऑपोझिशन म्हणतो. ते माझ्याकडे असायला हवं होतं, ते मी त्याच्या हातात दिलं.

पुढे ई५ शह, राजा ई६. राजा ई४, राजा ई७. राजा डी५, राजा डी७. ई६ शह, राजा ई७. राजा ई५. इथे थांबा. आता तो डी८ किंवा एफ८ ला गेला असता तर मी जिंकलो असतो. तो गेला ई८ ला, प्याद्याच्या रेषेत सरळ मागे. राजा डी६, राजा डी८. ई७ शह, राजा ई८. आता प्यादं राखायला राजा ई६ वर ठेवावा तर स्टेलमेट, म्हणजे त्याला शह नाही पण चालही नाही, म्हणून बरोबरी; दुसरीकडे हलवावा तर प्यादं जातं. अर्धा गुण. त्या मुलाला कोणीतरी नीट शिकवलं होतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आणि योग्य चाल? राजा ई४. बस. आता चाल त्याची. तो डी६ ला गेला तर मी एफ५, तो एफ६ ला गेला तर मी डी५. राजा प्याद्याच्या पुढे चालतो आणि वाट मोकळी करतो. आपला राजा प्याद्यापुढे सहाव्या रांगेत पोचला की चाल कोणाचीही असो, डाव जिंकलेला. फक्त कडेच्या, ए आणि एच पट्टीवरच्या प्याद्यांना हे लागू नाही.

हे नवशिक्यांचं म्हणून सोडू नका. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा डाव. दोघांकडे हत्ती आणि उंट, भारताच्या गुकेशचं एक प्यादं जास्त. चीनच्या डिंग लिरेनने ५५व्या चालीला हत्ती एफ२ वर आणला. गुकेशने हत्ती मारले, उंट डी५ वर ठेवून उंटही मारून घेतले, आणि उरला राजा-प्याद्यांचा शेवट. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

वेळ संपत आल्याची खूण दिसतेय, तेव्हा हत्ती झरझर घेतो.

तुमचं प्यादं सातव्या रांगेत, राजा त्याच्यापुढे अडकलेला, शत्रूचा राजा एका पट्टीपलीकडे अडवलेला: तुमचा हत्ती चौथ्या रांगेत आणा, राजा बाहेर काढा, उभे शह येतील तेव्हा त्याच हत्तीची आड घ्या. ही लुसेनाची स्थिती. गंमत म्हणजे लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या १४९७च्या बुद्धिबळाच्या पुस्तकात ती नाहीच, ती १६३४ मध्ये साल्व्हिओ या इटालियन लेखकाने छापली.

बचावात असाल तर फिलिडोरची स्थिती, अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडूच्या नावाची. राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती तुमच्या बाजूने तिसऱ्या रांगेत. शत्रूचं प्यादं त्या रांगेत शिरलं की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि मागून शह देत राहा. त्याच्या राजाला आता लपायला जागा नाही.

आणि हत्ती सहसा प्याद्याच्या मागे, प्यादं आपलं असो की त्याचं. याला अपवाद आहेत. ते बघायचे असतील तर पट आवरू नका, मी खाली येतोच आहे.