चौथऱ्यावरचं वाफेचं इंजिन: रंगाचा डबा उघडण्याआधी

[दृश्य: स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं नॅरोगेजचं छोटं इंजिन. काळा रंग ताजा, चाकांच्या कडा पांढऱ्या.]

नमस्कार मंडळी. लांबून हे इंजिन झकास दिसतं. रंग नवा, पितळेला चकाकी, पुढे झेंडूची माळ. आता शिडीनं कॅबमध्ये चला. समोर फायरबॉक्सचा, म्हणजे जाळाच्या पेटीचा, मागचा पत्रा आहे. त्यावर बटणांसारखी टोकं दिसतात, चार-चार इंचांवर एक. बऱ्याच इंजिनांत या टोकाच्या मधोमध एक बारीक छिद्र पाडलेलं असतं, जाड खिळ्याएवढं. इथे ते सापडत नाही. पुट्टी आणि रंगानं बुजलंय.

आजचा विषय हे बुजलेलं छिद्र. कारण वाफेचं इंजिन जतन करायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली वस्तू येते ती रंगाचा डबा, आणि खरं तर तो शेवटी यायला हवा.

छिद्र कशाला, ते कळायला घरातला बंब आठवा. तांब्याचा, आंघोळीच्या पाण्याचा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा पाडलेला बंबच, फक्त नळी एक नसून शे-दीडशे, आणि एका टोकाला जाळाची पेटी, म्हणजे फायरबॉक्स. ही पेटी दुहेरी भिंतीची. आत जाळ, बाहेर पत्रा, मधल्या फटीत पाणी. बंबाचं तोंड उघडं असतं म्हणून तो फुटत नाही. इंजिनात वाफ कोंडलेली. नॅरोगेजच्या बऱ्याच इंजिनांत दाब चौरस इंचाला 160 पौंडांच्या आसपास. हिशोब करा: एका चौरस फुटावर साडेदहा टन. सपाट पत्रा एवढा जोर सहन करत नाही, फुगतो. म्हणून दोन्ही भिंतींना आरपार जोडणाऱ्या सळया असतात, त्यांना स्टे म्हणतात. चार बाय चार इंचांवर एक स्टे धरला तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेअकरा क्विंटलांहून जास्त ओढ येते.

स्टे तुटतो तो बहुधा बाहेरच्या पत्र्याला लागून, कारण आतली पेटी तापून जास्त वाढते, बाहेरची कमी, आणि सळई रोज वाकते-सरळ होते. तुटला की बाहेरून काही दिसत नाही. मग तुटलेल्या जागेतून पाणी त्या बारीक छिद्रात येतं आणि बाहेर धार लागते. छिद्र चुगली करतं. रंगवणाऱ्यानं त्या चुगलखोराचं तोंडच शिवून टाकलं. एक स्टे तुटला की त्याचा भार शेजारच्या चारांवर जातो, मग त्यातला एखादा जातो.

स्टे तपासायची दुसरी रीत कानाची आहे. बाजारात मडकं घेताना बोटानं वाजवतो ना? तसंच. हलक्या हातोडीनं टोकावर टिचकी. चांगला स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. पण हे बॉयलर रिकामा असताना, आणि सरावलेल्या कानानं. नवख्यानं ऐकावं, निकाल देऊ नये.

[दृश्य: नकाशा. मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूर.]

विदर्भात हा विषय का, तर आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून अडीच फुटी, म्हणजे 762 मिलीमीटर रुंदीच्या रुळांवर गाड्या धावल्या. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, लोकांच्या तोंडी नाव शकुंतला. पुलगाव–आर्वी हा असाच आणखी एक. शकुंतलेचं झेडी जातीचं इंजिन 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलं, 1923 पासून धावलं आणि 15 एप्रिल 1994 ला थांबलं. त्यानंतर डिझेल आलं. कापूस इकडून मँचेस्टरला आणि इंजिन तिकडून इकडे, असा तो व्यवहार. नॅरोगेज जवळून बघायचं असेल तर नागपूरला मोतीबागेत त्याचं संग्रहालय आहे. शाळेची सहल काढायला उत्तम.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो. चौथऱ्यावरच्या बहुतेक इंजिनांत पुन्हा वाफ भरायचा विचार करू नये. त्यासाठी बॉयलर उचलून काढावा लागतो, सगळ्या नळ्या बदलाव्या लागतात, पत्र्याची जाडी मोजावी लागते, मग कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाबानं थंड पाण्याची चाचणी. हवेनं नाही, पाण्यानंच. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तर एक पिचकारी उडते आणि दाब उतरतो. कोंडलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी सुटते आणि तुकडे उडवते. गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जुन्या बॉयलरला लावून शिट्टी वाजवायची हौस कुणाला आली तर त्याचा हात धरा. शिट्टी वाजवायचीच तर ती काढून स्वतंत्र, तपासलेल्या टाकीवर वाजवा.

म्हणजे आपलं काम आहे ते इंजिन कुजू न देण्याचं. आणि ते थांबवण्यात पैशापेक्षा लक्ष जास्त लागतं. मी जंग म्हणतो हां, कारण आपल्याकडे गंज म्हटलं की अर्ध्या लोकांना भाजीचं भांडं आठवतं.

[दृश्य: स्मोकबॉक्सचं गोल दार उघडं. तळाशी राख.]

जंग सगळ्यात आधी इथे लागतो. पुढचं गोल दार, आत स्मोकबॉक्स, म्हणजे धूर गोळा होणारी पेटी. तळाशी काळी राख बसलीय. कोळशात गंधक असतं, राखेत ते उरतं, त्यावर धुरांड्यातून पावसाचं पाणी पडतं आणि तयार होतो आम्लाचा चिखल. तीसेक वर्षं हा चिखल पत्र्यावर बसला की बोट घातलं तरी आरपार जातं. इलाज साधा: राख खरवडून काढा, तळ कोरडा करा, धुरांड्यावर टिनाची टोपी घाला. टोपी गच्च नको, कडेनं हवा खेळू द्या, आणि कडेला जाळी लावा, नाहीतर साळुंक्या घरटं करतात आणि गवत ओल धरून ठेवतं. जाळाच्या पेटीखालच्या राखपात्रातही हीच राख असते.

दुसरी जागा म्हणजे बॉयलरचा तळ. कडेला तळाशी पितळेचे मोठे बोल्टासारखे प्लग असतात, वॉशआउट प्लग. इंजिन चालू असताना त्यातून गाळ धुऊन काढायचे. आता ते उघडेच ठेवायचे. आपल्याला वाटतं बंद ठेवलं की ओल आत शिरत नाही. उलट आहे. बंद बॉयलरमध्ये दिवसा पत्रा तापतो, रात्री थंड होतो आणि आत दव धरतं. वर एक प्लग उघडा, खाली दोन, हवा वाहती राहिली की आतून कोरडं राहतं. सिलिंडरच्या तळाचे ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायच्या तोट्या, त्याही उघड्या. पाण्याच्या टाकीचा तळ पाहा, तिथे डबकं असलं तर खालचा प्लग काढा.

[दृश्य: हातमोजे घातलेला हात. पत्र्याखाली पांढरट, कापसासारखा थर.]

आता थांबा, इथे खबरदारी. बॉयलरवरच्या पातळ पत्र्याखाली उष्णता धरायला जो पांढरट-राखाडी थर असतो तो जुन्या इंजिनांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. सरकीच्या कापसासारखा दिसतो, म्हणून पोट्टे हातात घेतात. घ्यायचा नाही. फुंकायचा नाही, झाडायचा नाही. त्याचे तंतू डोळ्याला न दिसता फुप्फुसात जाऊन बसतात. पत्रा फाटलेला दिसला तर ती जागा ओली करून प्लास्टिकनं झाका, दोरीनं बांधा, रेल्वेला लेखी कळवा. काढायचं काम त्यातल्या प्रशिक्षित माणसाचं.

तसंच जुन्या रंगाचं. अगदी खालचा नारिंगी थर दिसला तर तो शिशाचा प्रायमर, म्हणजे आपला शेंदूरच. कोरडा घासला की त्याची धूळ पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. म्हणून ग्राइंडर नको, कोरडा पॉलिशपेपर नको. पाणी मारून ओलं खरवडा, खाली ताडपत्री पसरा, खरवडलेलं गोळा करून बंद डब्यात ठेवा. आणि हे काम अठरा वर्षांखालच्या कुणाला द्यायचंच नाही.

मग रंग कधी? सुटा जंग निघाला, पत्रा कोरडा झाला, झिंक फॉस्फेटचा प्रायमर बसला की. जंगावर थेट ऑइल पेंट मारला तर आतला जंग वाढतच राहतो. तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे रंगाला पापुद्रा सुटतो आणि मधे पाणी साचतं. दर वर्षी नवा थर म्हणजे दर वर्षी नवं झाकण. आणि चाकं फिरवणारे चकचकीत दांडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड, पिस्टन रॉड, यांना चांदीचा रंग अजिबात नको. ग्रीसचा पातळ थर पुरे, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा.

हो, आणखी एक. इंजिन चौथऱ्यावरून हलवायचं ठरलं तर जेसीबी लावून ओढू नका. पिस्टन सिलिंडरला जंगानं चिकटलेला असतो. चाक फिरलं की रिंग तुटते, रॉड वाकतो. आधी सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं तेल ओतून कित्येक आठवडे मुरवायचं, मग रॉड सोडवायचे, मग हलवायचं.

[दृश्य: वहीत रेघा मारणारी मुलगी. पत्र्यावर खडूचे चौकोन.]

आता पोट्ट्यांचं. गावात इंजिन पाहायला मुलं येतात, चढतात, फोटो काढतात, जातात. त्यांना पुन्हा यावंसं वाटायला खरं काम हवं, आणि ते भरपूर आहे.

जुन्या शेडमध्ये पोरगा लागायचा तो क्लीनर म्हणून. मग फायरमन, मग ड्रायव्हर. सफाई हलकी समजू नका. पुसणाऱ्यालाच तडा आधी दिसतो. त्याची एक जुनी युक्ती आठवी-नववीतली मुलंही मोठ्यांच्या देखरेखीत करू शकतात. रॉडचा एक हात लांबीचा भाग ग्रीस काढून स्वच्छ पुसा. त्यावर ब्रशनं डिझेल फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग कापडानं खडखडीत कोरडा करा. आता खडूची पूड पातळ लावा आणि बघत बसा. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल झिरपून खडूवर केसासारखी काळसर रेघ उमटते. ही रेघ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पोरगं पुढच्या रविवारी हाक न मारता येतं.

दुसरं काम नंबरांचं. इंजिनाच्या जवळपास प्रत्येक मोठ्या भागावर ठोकलेला आकडा असतो: रॉडवर, व्हॉल्व्हवर, दांड्यांच्या टोकाला. शेडमध्ये एका इंजिनाचे भाग दुसऱ्याला लावायचे, त्यामुळे हे आकडे पाटीवरच्या नंबराशी जुळतीलच असं नाही. न जुळणारे शोधायचे, फोटोत फूटपट्टी ठेवायची, वहीत जागा लिहायची. पितळेची पाटी, शिट्टी, इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलतो तो) यांचे फोटो आधी काढा. भंगारात पहिल्यांदा तेच जातं, आणि फोटो नसला तर तक्रारीत लिहायचं काय?

तिसरं काम मोजणीचं. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजणारं यंत्र चालवायला जाणकार लागतो, पॉलिटेक्निकच्या सरांना विचारा. पण सहा-सहा इंचांचे खडूचे चौकोन आखणं, रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडी झाली की तिचा क्रमांक लिहिणं, आकडा मोठ्यानं वाचून वहीत उतरवणं, हे मुलांचं. फायरबॉक्सच्या तळापासून वर एक फूट सगळ्यात दाट मोजा. गाळ तिथे बसायचा, पत्रा आतून तिथेच खाल्ला जातो.

आणि काकांना बोलवा. 1994 साली तिशीतला फायरमन आज साठी ओलांडून गेलाय. भाषण नको, त्यांच्या हातात फावडं द्या आणि मोबाइल चालू ठेवा. कोळसा मागच्या कोपऱ्यांत जाड, पुढे पातळ कसा टाकायचा, धूर काळा झाला तर काय चुकलं, इंजेक्टर गरम होऊन पाणी घेईना झाला की त्यावर ओलं बारदान कसं टाकायचं, हे हातांच्या हालचालीतच कळतं. मुलांनी विचारायचं, "काका, हाच कॉक आधी का?" आणि उत्तर मधे न तोडता रेकॉर्ड करायचं.

मुलींना वेगळं काम देऊ नका. काम तेच, फक्त ओढणी आणि मोकळे केस आत खोचलेले. मुलांचे सैल शर्टही तसेच.

सुरू करण्याआधी दोन कागद. इंजिन रेल्वेच्या मालकीचं असेल तर विभागीय व्यवस्थापकांच्या कार्यालयाची लेखी परवानगी, मूर्तिजापूरकडचं असेल तर विभाग भुसावळ. अर्जात "रंगकाम" लिहू नका, "नोंद आणि सफाई" लिहा, आणि कुठल्या भागाला हात लावणार नाही तेही लिहा. दुसरा कागद पालकांच्या सहीचा.

वेळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते अकरा. एप्रिलमध्ये आपल्याकडे पत्र्याला दहा वाजताच हात लावता येत नाही. चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी गुटके घट्ट बसवल्याशिवाय कुणी खाली वाकायचं नाही, इंजिन वर्षानुवर्षं हललेलं नसलं तरी. पहिल्या रविवारी पिशवीत एवढं न्या: जाड वही, पेन्सिली, पांढरे खडू, पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, टॉर्च, जुनी सुती धोतरं फाडून केलेली फडकी, अर्धा लिटर डिझेल झाकणाच्या डब्यात, ब्रश, हातमोजे, पाच लिटर प्यायचं पाणी. कपडे सुती, नायलॉन नको. आणि पायात बूट, चपलेत आलेल्याला वही धरायचं काम.