दहावा

मंडळी, शालोम. आयोजकांनी मला विषय दिलाय, 'आपल्या मुलांना ज्यू असल्याचा अभिमान कसा वाटेल?' खरं सांगायचं तर अभिमान हा शब्द मला जरा जड जातो. पंधरा वर्षांच्या पोराला 'अभिमान बाळग' म्हटलं की ते मान खाली घालून मोबाईल बघायला लागतं. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे हे अनुभवाने बोलतोय.

आपल्या, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या, मुलाची पंचाईत काय होते बघा. हजेरीत नाव ऐकलं की बाई त्याला ख्रिश्चन समजतात. आडनाव ऐकलं, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, की म्हणतात, अरे, हा तर आपल्या कोकणातला. मग हळूच प्रश्न येतो, 'तुम्ही लोक कन्व्हर्ट झालात का?' इथल्या प्रत्येकाने तो झेललाय. 2023 च्या ऑक्टोबरपासून त्यात भर पडली. वर्गातली मुलं त्याला गाझाबद्दल जाब विचारतात. कोणी पाठ थोपटतं, कोणी टोमणा मारतं. ज्या देशात तो कधी गेलेला नाही, त्याच्या वतीने त्याने बोलायचं! त्याला सरळ सांगा, तू कोणाचा वकील नाहीस. तुला वाटेल ते बोल, नाही वाटलं तर बोलू नकोस.

पण घरी आपणच त्याला वकील करतो. उत्तरं पाठ करून देतो. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, मग तेलघाणे, शनिवारी, आपल्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणायचे. कथा सुंदर आहे, मीही सांगतो. पण ती दर वेळी कोणीतरी शंका घेतल्यावरच सांगायची वेळ आली, तर मुलाच्या लेखी ती जबानी होते.

ही सवय आपल्याला लागली त्यालाही कारण आहे. साठच्या दशकात इस्रायलला गेलेल्या आपल्या माणसांकडे तिथल्या रब्बींनी लग्नासाठी मागच्या पिढ्यांचे पुरावे मागितले. आपली माणसं जेरुसलेममध्ये निदर्शनाला उतरली, आणि 1964 साली क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, ठराव करावा लागला की बेने इस्रायल हे इतर सगळ्या ज्यूंच्या बरोबरीचे ज्यू आहेत. तो सल अजून आपल्या बोलण्यात येतो. आपल्याकडे 2016 साली महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला, चांगलं झालं, दाखले काढायला उपयोगी पडतो. पण मुलीला कुणाच्या मंजुरीकडे डोळे लावून बसायला शिकवू नका.

मग शिकवायचं काय? मी म्हणतो, शिकवणं थोडं थांबवा आणि काम द्या.

माझी आजी आपल्या नववर्षाला रोश हाशाना म्हणायची नाही, नव्याचा सण म्हणायची. योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासाला, दार फाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. तिशा बआवच्या, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिवसाच्या, सुमारास वालाचं बिरडं, म्हणून बिरड्याचा सण. पुस्तक हाती नव्हतं त्या काळात आपल्या लोकांनी हे सगळं हाताने सांभाळलं. आपण ज्यू आहोत का हे पाहायला आलेल्या डेव्हिड रहाबीची गोष्ट आठवा. त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले, आणि बायकांनी पर नि खवले असलेले, म्हणजे ज्यूंना चालणारे, तेवढे निवडून बाजूला काढले. हा नियम सांगणारं धर्मग्रंथातलं लेवीयचं पुस्तक त्यांतल्या कोणी वाचलं असेल? हातांना ठाऊक होतं.

आता आपल्या मुलांच्या हातांना काय ठाऊक आहे? नव्याच्या सणाला चिकाचा हलवा होतो. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, नारळाच्या दुधात शिजवायचा. तो घट्ट होईस्तोवर हलवत राहायचं, खांदा भरून येतो. आणि आपण त्या वेळी मुलाला म्हणतो, तुला क्लास आहे ना, जा. अहो, तो डाव त्याच्या हातात द्या! तिथे उभा राहून तोच विचारेल, नारळाचंच दूध का? मटणातही तेच का? मग सांगा, मांसाबरोबर गाई-म्हशीचं दूध आपल्याला चालत नाही. मलिद्याचे पोहे भिजवणं, खोबरं खवणं हेही त्याच्याकडे द्या. पोहे लगदा झाले तर होऊ देत. ज्यांच्या नावाने मलिदा करतो ते प्रेषित एलियाहू हन्नबी रागावणार नाहीत.

एक चित्र मुलांना जरूर दाखवा. 1874 साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे पेसाहच्या सणाला वाचायची पोथी, छापली गेली. तिच्यात पेसाहची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसल्यात. वर्गात 'तू नक्की कोण?' म्हणून विचारतात ना, त्या मुलीने ते चित्र पाहिलेलं असावं.

आता मुद्द्याचं. देशात आपण पाच हजारांच्याही आत आलोय. सामूहिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, आणि कोकणातल्या प्रार्थनामंदिरांत ते जमवताना नाकी नऊ येतात. मोठ्या समाजात तेरा वर्षांच्या मुलाचं बार मित्स्वा, म्हणजे धर्माच्या दृष्टीने मोठं होण्याचा सोहळा, हॉल, केक आणि फोटो एवढंच असतं. आपल्याकडे तो मुलगा खरोखर लागतो. (इथे एक ताई मान हलवतायत. बरोबर आहे, मुलींना आपण दहांत मोजत नाही. मुली मला हे विचारतात आणि मला पटेल असं उत्तर देता येत नाही. 'रीतच आहे' म्हणून त्यांना गप्प करू नका, एवढं तरी करा.)

मागे आम्ही ठाण्याहून अलिबागला गेलो होतो. इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ प्रार्थनामंदिरात एका आजोबांना बायकोच्या वर्षाचं कादीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचं होतं. नऊ झाले. दहाशिवाय कादीश नाही. आजोबा बाकावर बसून दाराकडे बघत होते. आमच्यातला एक मुलगा, महिन्यापूर्वीच तेरा पूर्ण झालेला, बाहेर गाडीत कानात इअरफोन घालून बसला होता. मी काच वाजवली, म्हटलं, चल, तू दहावा. चेहरा अगदी वैतागलेला, पण आला. किप्पा, म्हणजे छोटी टोपी, डोक्यावर ठेवला, प्रार्थनेचं पुस्तक सिद्दूर उलटं धरलं, शेजारच्याने सरळ केलं. आजोबा उठले आणि त्यांनी सुरुवात केली. अरामी भाषेतलं एक अक्षर त्या मुलाला कळलं नसेल. 'आमेन' कुठे म्हणायचं ते बाकीच्यांचं बघून म्हणत होता, अर्धा क्षण उशिरा.

संपल्यावर आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, 'तू नसतास तर राहिलं असतं रे.'

परतताना पेणपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, 'काका, पुढच्या वर्षी ही तारीख कधी येते?' हिब्रू तिथी, दर वर्षी सरकते, मला काही तोंडपाठ नव्हती. म्हटलं, फोन काढ, बघू.