गोळ्या कुठे ठेवता?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘बंदुकीचा हिंसाचार रोखण्यात आरोग्यसेवकांची भूमिका’. त्यात तीन गोष्टी सांगायचं मी कबूल केलंय. एक, रुग्णाला विचारायचं कसं. दोन, वाईट वेळेला बंदूक माणसापासून लांब ठेवायची कशी. आणि तीन, गोळी लागून आलेल्या पोराच्या खाटेपाशी आपण काय करायचं. पण आधी आपल्या भाषेतली एक गंमत सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्या गमतीतच आहे.

मराठीत औषधाची ती गोळी आणि बंदुकीची तीही गोळीच. इंग्रजीत दोन शब्द आहेत, त्यामुळे दोन खाती झाली. एक डॉक्टरचं, दुसरं पोलिसांचं. आपण दवाखान्यात दिवसभर विचारतो, ‘आजोबा, गोळ्या कुठे ठेवता? नातवाच्या हाताला लागत नाहीत ना?’ आजवर या प्रश्नावर कुणी रागावलेलं मी पाहिलं नाही. उलट बरं वाटतं लोकांना, घरातल्या पोराची कुणी चौकशी केली म्हणून. अमेरिकेत पंचवीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काढल्यावर माझं ठाम मत झालंय, की दुसऱ्या गोळ्यांबद्दलही हाच प्रश्न, याच सुरात विचारता आला पाहिजे. मागच्या रांगेतल्या फार्मासिस्ट मंडळींना पटलेलं दिसतंय. तुमच्याकडेही वळणार आहे मी.

आकडे थोडेच सांगते. २०२२ साली या देशात बंदुकीने ४८,२०४ माणसं गेली. त्यातल्या २७,०३२ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं स्वतःच्याच हाताने गेली. टीव्हीवर आपल्याला शाळा दिसते, मॉल दिसतो, पळणारी माणसं दिसतात. ते भयंकरच आहे. पण निम्म्याहून जास्त मृत्यू एकट्या माणसाचे आहेत, आणि त्या माणसाच्या दारात कॅमेरा येत नाही. तो मात्र आपल्या दारात येऊन गेलेला असतो. रक्तदाब तपासायला, गुडघा दाखवायला, झोप येत नाही म्हणून सांगायला.

असाच एक जण माझ्याकडे यायचा. नावगाव सांगत नाही, बारीकसारीक तपशीलही बदललेत. पश्चिम पेनसिल्व्हेनिया, डोंगराळ भाग. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांची शिकार सुरू झाली की तिथल्या शाळांना सुट्टी मिळायची, कारण वर्गात पोरं नसायचीच आणि मास्तरही नसायचे. अशा गावात कुणाच्या घरी बंदूक आहे का, हे विचारणं म्हणजे कोकणात घरात कोयती आहे का विचारण्यासारखं. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

हा माणूस सत्तरीचा. खाणीत आयुष्य गेलेलं, हातांच्या भेगांत काळं बसलेलं. बायको जाऊन चार महिने झाले होते. वजन पंधरा पौंड उतरलं होतं, रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. आमच्या कॉम्प्युटरवर नैराश्याची प्रश्नावली असते, त्यात शेवटी विचारतात, मरून जावंसं वाटतं का. तो म्हणाला, ‘कधी कधी.’ त्याबरोबर स्क्रीनवर पुढची चौकट उघडली, आणि मी मान वर न करता ती वाचली : ‘तुमच्याकडे शस्त्र आहे का?’

त्याने गुडघ्यावरची टोपी उचलली. म्हणाला, ‘डॉक्टर, ही यादी कुणासाठी चाललीय?’ आणि उठून गेला.

पुढे आठ महिने तो आला नाही. फोन केले, उचलले नाहीत. पत्र पाठवलं, उत्तर नाही. त्या आठ महिन्यांत मी स्थानिक वर्तमानपत्रातली निधनवार्तांची पानं रोज वाचायचे. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी चहाचा कप हातात घेऊन आधी ते पान उघडायचं, त्याचं नाव नाही बघायचं, मग चहा प्यायचा.

तो आला तो पायाच्या जखमेसाठी. साखर हाताबाहेर गेलेली, अंगठ्याला जखम. या वेळी मी कॉम्प्युटर भिंतीकडे वळवला, खाली स्टुलावर बसले, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि ड्रेसिंग करता करता विचारलं, ‘यंदा हरणांना गेलात का?’ वीस मिनिटं तो बोलत होता. वडिलांची विंचेस्टर रायफल. तिच्या दस्त्यावरचा ओरखडा, तो कुठल्या साली, कुठल्या ओढ्यात घसरल्यामुळे पडला. बायको मांस कसं बांधून ठेवायची. बाहेर चार रुग्ण ताटकळले होते, आणि मी दार उघडलं नाही. मग म्हटलं, ‘तुम्ही आता रात्री एकटे असता. एखादी रात्र फारच वाईट आली, तर ती रायफल कुठे असते?’

तो बराच वेळ पायाकडे बघत होता. मग म्हणाला, ‘पलंगाखाली.’

‘आणि गोळ्या?’

‘बायकोच्या ड्रॉवरमध्ये.’

मी पुढे काही सुचवलं नाही. तोच म्हणाला, ‘माझ्या मेव्हण्याकडे तिजोरी आहे. हिवाळा संपेपर्यंत ठेवील तो.’ संध्याकाळी मेव्हण्याचाच फोन आला, घेऊन गेलो म्हणून. पुढच्या वर्षी रायफल परत घरी आली. ती त्याचीच आहे, त्याच्या वडिलांची आहे, ती कुणी काढून घ्यावी असं मला कधीच वाटलं नाही. मला फक्त तो एक हिवाळा हवा होता.

यात माझी चूक कुठे होती ते नीट सांगते, कारण इथे बसलेल्या तरुण डॉक्टरांकडून तीच होते. मी विचारलं, शस्त्र आहे का? त्याला ऐकू आलं, तू धोकादायक आहेस का? दुसऱ्यांदा मी विचारलं, कुठे असते? त्यात बंदूक असणं गृहीत धरलेलं आहे, आणि त्याला शहाणा धरलेलं आहे.

आता माझं जुनं दुखणं. आम्ही हे विचारूच नये, अशी या देशात पद्धतशीर खटपट झालेली आहे. १९९३ साली आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका वाढतो. त्या अभ्यासाला पैसा सीडीसीचा होता, म्हणजे रोगराई रोखायचं काम करणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेचा. १९९६ साली सरकारी खर्चाच्या कायद्यात अर्कान्सासचे खासदार जे डिकी यांच्या नावाची दुरुस्ती आली. बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करायला सीडीसीचा निधी वापरायचा नाही, असं तिच्यात होतं. संशोधन करू नका, असं तिच्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण सीडीसी बंदुकीच्या अभ्यासावर जेवढे खर्च करत होती तेवढेच २६ लाख डॉलर त्याच वेळी काढून घेतले, आणि समजायचं ते सगळे समजले. तरुण संशोधकांनी विषय बदलले. वीस-बावीस वर्षं हे चाललं.

या गोष्टीतला मला फार आवडणारा भाग पुढे आहे. सीडीसीत इजा रोखण्याच्या विभागाचे प्रमुख मार्क रोझेनबर्ग होते, म्हणजे डिकींचे थेट विरोधक. पुढे हे दोघे बोलायला लागले, आणि चांगले मित्र झाले. २०१२ साली दोघांनी मिळून वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला, की हे संशोधन व्हायला हवं. ज्याच्या नावाने बंदी ओळखली जाते त्यानेच तसं लिहिलं! डिकी २०१७ साली गेले. निधी पुन्हा मंजूर झाला २०१९च्या अखेरीस, अडीच कोटी डॉलर. त्यांना तो बघायला मिळाला नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

फ्लोरिडात तर कायदाच आला, २०११ साली. एका बालरोगतज्ज्ञाने आईला विचारलं, घरात बंदूक आहे का. तिने सांगायला नकार दिला, डॉक्टर म्हणाला दुसरा डॉक्टर बघा. यावरून पेटलं. गरजेशिवाय हा प्रश्न विचारला तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड, लायसन्सवरही कारवाई. २०१७ साली अपील कोर्टाने त्यातला मुख्य भाग रद्द केला, डॉक्टरच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणून. निकाल योग्यच होता. पण त्या डॉक्टरचंही मला पटत नाही. नाही सांगायचं म्हणाली, तर म्हणावं, ‘बरं, सांगू नका, पण किल्ली कुठे ठेवायची ते मी सांगतो.’ बाईला हाकलून काय मिळालं? माझा खाणकामगार आठ महिने गेला होता, म्हणून हे इतकं जोरात बोलतेय.

आणि २०१८! अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने बंदुकीच्या इजांवर भूमिका मांडली, तेव्हा नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेने ट्विट केलं, डॉक्टरांनी आपल्या लेनमध्ये राहावं, म्हणजे आपलं काम सोडून दुसरीकडे नाक खुपसू नये. त्यावर देशभरातल्या सर्जन आणि नर्सनी रक्ताने भरलेल्या कपड्यांचे, बुटांचे फोटो टाकले : हीच आमची लेन. त्यात पुढे होते जॉन्स हॉपकिन्सचे जोसेफ सॅक्रन. १९९४ साली, सतरा वर्षांचे असताना, भलत्याच कुणाच्या भांडणातली गोळी त्यांच्या गळ्याला लागली होती. ज्या सर्जननी वाचवलं त्यांच्यासारखं व्हायचं म्हणून ते ट्रॉमा सर्जन झाले. आता त्यांना कुणी सांगावं, की ही तुमची लेन नाही?

आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या घरातले विवेक मूर्ती, बंदुका हा आरोग्याचा प्रश्न आहे एवढं लिहिलं म्हणून सर्जन जनरलपदासाठी, म्हणजे सगळ्या देशाच्या डॉक्टरच्या सरकारी पदासाठी, त्यांना वर्षभर ताटकळावं लागलं. २०२४ साली त्यांनी त्या पदावरून तेच वाक्य सगळ्या देशाला उद्देशून काढलं. मूर्तींबद्दल मी तासभर बोलू शकते...

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. अध्यक्षबाई, पावणेआठला संपवते. दोन मुद्दे राहिलेत, भराभर घेते. विचारायचं कसं ते बोलण्याच्या ओघात येऊन गेलं.

दुसरा मुद्दा, वेळ आणि अंतर. चिठ्ठीतली दहा मिनिटं लक्षात ठेवा. ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या रुग्णालयात आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या ८२ जणांना विचारलं, मनात आल्यापासून किती वेळात केलंत? जवळजवळ निम्मे म्हणाले, दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. बंदुकीने प्रयत्न केला तर दहातले जवळपास नऊ जण जातात. आणि कुठल्याही प्रयत्नातून वाचलेल्या दहांतले नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. हे तीन आकडे एकत्र धरा. ती दहा मिनिटं निघाली, तर माणूस बहुतेक वेळा जगतो. इस्रायली सैन्याने २००६ साली जवानांना आठवड्याच्या सुट्टीत घरी जाताना रायफल तळावर ठेवायला लावली. आत्महत्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांनी उतरलं. त्या पोरांचं दुःख तेवढंच होतं, फक्त रायफल तळावर होती.

आणि हे फक्त डॉक्टरांचं काम नाही. २००९ साली न्यू हॅम्पशायरमध्ये एकाच दुकानातून आठवड्याच्या आत तिघांनी बंदुका घेतल्या, तिघेही एकमेकांना अनोळखी, आणि तिघांनीही काही तासांत जीव दिला. दुकानदार हादरला. तो आरोग्य खात्यातल्या लोकांबरोबर बसला, आणि गिऱ्हाईक संकटात आहे हे कसं ओळखायचं याची पत्रकं दुकानांतून लागली. बंदूक विकणारा माणूस हे करतो, तर काउंटरवर झोपेच्या गोळ्या देणारी फार्मासिस्ट, घरी जाऊन ड्रेसिंग बदलणारी नर्स, खांदा हलवून घेणारा फिजिओथेरपिस्ट, हे सगळे करू शकतात. डॉक्टरपेक्षा तुमच्याशी लोक जास्त बोलतात.

तिसरा, खाटेपाशी. गोळी लागलेला सतरा वर्षांचा मुलगा शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या मित्रांच्या डोक्यात बदला असतो. आपण टाके घालतो आणि त्याला त्याच गल्लीत परत पाठवतो. ओकलंडमध्ये १९९४ पासून असा कार्यक्रम आहे, की त्याच वस्तीतून वर आलेला माणूस खाटेपाशी येऊन बसतो, मित्रांना थोपवतो, मग शाळा, नोकरी, कोर्टाची तारीख, सगळ्याला बरोबर जातो. आता अनेक शहरांत हे आहे. तुमच्या इस्पितळात आहे का ते उद्या विचारा. नसेल तर का नाही ते विचारा. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं.

शेवटी आयांशी आणि बाबांशी बोलते. आपल्या घरात कुठे बंदूक असते, असं तुम्ही म्हणाल. पण तुमचं पोर शनिवारी मित्राकडे झोपायला जातं ना? २०२० सालापासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. मोटारअपघात मागे पडलेत. अलाबामातल्या एका अभ्यासात, ‘आमच्या मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही’ असं सांगणाऱ्या आईबापांपैकी पाचातल्या एकाहून जास्त जणांचं पोर वेगळंच सांगत होतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे आपण मित्राच्या आईला न लाजता सांगतो, कुत्रा चावतो का हेही विचारतो. त्याच दमात विचारा, ‘बंदूक असेल तर कुलपात असते ना?’

हे माझ्या हातात आहे ते केबल लॉक. प्लास्टिकचं आवरण असलेली ही तार. बंदूक आधी रिकामी करायची. मग ही तार काडतूस बाहेर पडतं त्या फटीतून आत घालायची, मॅगझिनच्या जागेतून खाली काढायची आणि कुलूप लावायचं. मग तिच्यात गोळी भरताच येत नाही. बऱ्याच ठिकाणी पोलीस ठाण्यात हे फुकट मिळतं. मी चाळीस आणलेत, दाराजवळच्या टेबलावर आहेत. स्वतःला नको असेल तर रुग्णासाठी न्या, शेजाऱ्यासाठी न्या. त्याच टेबलावर ९८८ या आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनच्या चिकटपट्ट्या आहेत, फोनच्या मागे लावायला. प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या येतात. दुसरी कुणाकडे ठेवायची, ते तिथेच उभ्या उभ्या ठरवून जा.