खाच एक, काठ्या दोन

पडद्यावर दिसणारी ही हेझलच्या लाकडाची काठी म्हणजे मध्ययुगीन इंग्लंडमधल्या राजाच्या खजिन्यातली हिशेबाची नोंद आहे. खाचांची मापे ठरलेली असत: हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीची, शंभरांसाठी अंगठ्याएवढी, विसांसाठी करंगळीएवढी, आणि एका पौंडासाठी जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरत, त्यामुळे प्रत्येक खाच दोन्ही फाळक्यांवर अर्धी अर्धी उमटे. कर्जाच्या व्यवहारात लांब फाळके धनकोकडे राही, आखूड ऋणकोकडे. आणि लाकडाच्या रेषा जुळल्याशिवाय कुणाचाही शब्द खरा मानला जात नसे.

आता ‘आय ओ यू वन’ हा इंग्रजी वाक्प्रयोग ऐकावा. त्याचा उगम या काठीत आहे असा आमचा दावा नाही. मात्र त्यातला ‘वन’ ही माप नसलेली खाच आहे. ‘मी तुझे एक देणे लागतो’ एवढेच बोलणारा म्हणतो. एक काय, ते सांगत नाही. ‘उपकार’ हा शब्द अध्याहृत राहतो आणि फेड केव्हा, कशी, हेही मोकळे राहते. ‘ओ’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘जवळ बाळगणे’ असा होता, आणि कर्तव्य सांगणारे ‘ऑट’ हे त्याचेच जुने भूतकाळी रूप आहे. मराठीतही ‘देणे लागते’ आणि ‘जावे लागते’ यांतले ‘लागणे’ एकच आहे, हे सहज लक्षात येत नाही.

अनुवादात याचे ‘मी आपला ऋणी आहे’ असे केले जाते, ते आम्हांला पटत नाही. ते वाक्य सभेतल्या आभारप्रदर्शनाचे आहे. हा प्रयोग मात्र बरोबरीच्या माणसांतला, एखाद्याने आपल्याऐवजी कामाची पाळी सांभाळली तर जाता जाता म्हणायचा. कुणी जीव वाचवला असता तो थिल्लर वाटेल. मिंधेपणाही त्यात नाही. त्यासाठी इंग्रजीत ‘बिहोल्डन’ हा वेगळा शब्द आहे. उलट ‘यू ओ मी वन’ म्हटले की तोच प्रयोग तगादा होतो.

काठ्यांची पद्धत 1826 मध्ये संपली. 16 ऑक्टोबर 1834 रोजी जुन्या काठ्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळताना संसदेची इमारतच पेटली.

शेवटच्या दृश्यात दोन फाळकी पुन्हा एकमेकांना लावली जात आहेत.