इंजिन खोलण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

सातारा, वाई, कोरेगाव, फलटण या भागात दूध, भाजीपाला, शाळेची मुलं आणि लग्नाची वऱ्हाडं वाहणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या आजही पुष्कळ आहेत. ट्रॅक्स आहे, ट्रॅव्हलर आहे, एखादी मॅटाडोरही अजून दिसते. या गाड्या ज्यांच्या दारात उभ्या आहेत, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे. यांतल्या अनेक गाड्यांत मर्सिडीजच्या आराखड्याचं ओएम 616 हे चार सिलिंडरचं, 2.4 लिटरचं इंजिन आहे. डिझेलचा पंप मेकॅनिकल, कॉम्प्युटरचा पत्ता नाही. त्यामुळे बिघाड शोधायला डोळे, कान, नाक आणि थोडा धीर लागतो. धीर अशासाठी, की जरा धूर दिसला की ‘इंजिनकाम निघालं’ म्हणून सांगितलं जातं, आणि मालक उसनवारी करून बोअर-पिस्टन करून घेतो. दोष मात्र पुष्कळदा एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत असतो.

थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी लागत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा सुमारे 21 पट दाबतो, दाबानं ती तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. इंजिन गार असताना ही उष्णता कमी पडते, म्हणून प्रत्येक सिलिंडरला आतली हवा तापवणारा एक हीटर प्लग दिलेला असतो. त्यातला एखादा मेला, तर गाडी थरथरत तीन सिलिंडरवर लागते, मागून पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात आणि मिनिटभरात सगळं ठीक होतं. अशा वेळी प्लगची वायर सोडवा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला नाही, तर तो प्लग गेला. पण पेट्रोलचा बोळा हवेच्या पाइपाशी धरून गाडी लावायची सवय कृपा करून सोडा. भडका उडतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि माणूसही भाजतो.

हीटर चांगले आहेत, दिवसभर गाडी एका सेल्फमध्ये लागते, फक्त रात्रभर उभी राहिली की रुसते? मग ती बहुधा हवा घेते. नळी चिरलेली असेल, किंवा डिझेल फिल्टरचा वॉशर दबलेला असेल, तर तिथून हवा आत शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. गाडी चालू असताना तिथून डिझेल गळेलच असं नाही, म्हणून ही जागा सहज दिसत नाही. पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा. तिच्यात बुडबुडे धावताना दिसले, की एकेक जोड तपासत टाकीपर्यंत जा. जोड दुरुस्त झाला की डिझेलचा हातपंप मारून एअर काढा. हवा दबते, डिझेल दबत नाही. पाइपात हवा असेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोजल उघडण्याएवढा दाबच तयार होत नाही. आणि चालू इंजिनाच्या नोजलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही नेऊ नका. तो फवारा कातडीतून आत घुसतो. वरून टोचल्याएवढी जखम दिसली, तरी तडक दवाखाना गाठावा लागतो.

आता पसरणी घाट. वाईहून पाचगणीला भरलेली गाडी चढते आणि मागे काळा धूर सोडते. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण 1300 मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, पण जुना पंप डिझेल तेवढंच सोडतो. म्हणून चढाला थोडा काळा धूर आला, तर घाबरू नका. सपाटीवर, रिकाम्या गाडीलाही तो येत असेल, तर पहिल्यांदा एअर फिल्टर बघा. ऊसतोडीच्या दिवसांत धुळीच्या रस्त्यांवर फिल्टर फार लवकर भरतो. तिथे काही नसेल तर नोजल तपासायला द्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त सकाळी लावताना येत असेल, तर वॉल्व्हचे सील बघा. चढाला सतत येत असेल, तर रिंगांचा संशय घ्या. तेव्हाही कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, मोजल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नका. चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून मागा.

त्याच घाटाची दुसरी गोष्ट जिवाची आहे. डिझेल वाचवायला काही जण उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतात. या गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की दोन-चारदा ब्रेक दाबेपर्यंत साठलेला व्हॅक्यूम संपतो, आणि मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. भरलेली गाडी पायाच्या ताकदीवर थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, काढून फेकायची पद्धत आपल्याकडे पक्की रुजली आहे. मला ती अजिबात पटत नाही. इंजिन गार चालतं, डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं. गरम होण्याचं कारण बहुधा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाचट-कचरा, ढिला फॅन बेल्ट किंवा आत साचलेला क्षार असतो. माण-खटावकडे बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओततात आणि त्याचा थर आत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट वापरा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि लाल झालेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

रोज सकाळी गाडी लावण्यापूर्वी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पट्टी, काढून बघा. ऑइल काळं असणं डिझेल इंजिनाला साजेसंच आहे. ते दुधाळ झालं, तर पाणी मिसळलंय. आणि न टाकता पातळी वर चढली, डिझेलचा वास आला, तर गाडी जागची हलवू नका. डिझेलनं पातळ झालेलं ऑइल बेरिंगं खातं.

शेवटी, नदीकाठच्या श्रोत्यांसाठी. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, आणि कराडपासून खाली कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पूर ओसरल्यावर पहिला मोह होतो तो सेल्फ मारून बघायचा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाचू शकणारं इंजिन तिथेच संपतं. आधी बॅटरीची वायर काढा. एअर फिल्टर उघडा, ऑइल आणि डिझेल सगळं काढून टाका. चारही नोजल किंवा हीटर प्लग सोडवा आणि इंजिन पान्यानं हातानं फिरवा. त्या भोकांतून पाणी बाहेर येईल. ते पूर्ण थांबलं, नवं ऑइल भरलं, फिल्टर बदलले, मगच सेल्फला हात लावा.

नमस्कार.